सायीच्या भांड्यात गेलेला फेस

परवा तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर मला तुमचं नवं स्वयंपाकघर दाखवलंत. धाकटीने फोन हातात धरून सगळीकडे फिरवला. आधी खिडकी, मग ओटा, बाहेरचं झाड आणि शेवटी ते कॉफीचं यंत्र. तुम्ही दोघं यंत्राचं कौतुक सांगत होतात आणि मी मान डोलवत होते, पण माझं लक्ष भलतीकडेच होतं. यंत्राच्या बाजूला दूध फेसाळायची जी नळी असते, तिच्या टोकाला वाळलेलं दूध चिकटलेलं मला दिसत होतं. इतक्या लांबून, तळहाताएवढ्या पडद्यावर, चष्मा न लावता. माणसांच्या चेहऱ्यावरचं मला पुष्कळदा दिसत नाही, पण वाळलेलं दूध दिसतं.

मी काही बोलले नाही. आणि बोलले नाही याचा मला इतका अभिमान वाटला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. म्हणून लिहायला बसले. नळी पुसा असं सांगायला हे लिहीत नाही. पुसा मात्र.

तसंच एक यंत्र एकेकाळी आमच्या जळगावच्या घरात होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जळगावात तेव्हा अशी यंत्रं किती घरांत होती मला माहीत नाही. आपल्याच घरात आहे असं मी धरून चालले होते आणि त्याप्रमाणे वागत होते.

पण यंत्राच्या आधी माणसं सांगते. तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घरात सगळे जिजी म्हणत. त्यांचं माहेर साक्रीकडच्या एका खेड्यात, शाळा तिसरीपर्यंत, बोलणं शेवटपर्यंत अहिराणी. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, एम.ए.ही इंग्रजी घेऊनच केलेलं. जळगावात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. लग्न होऊन आले तेव्हा माझी खात्री झाली की या घराला एका व्यवस्थित माणसाची फार गरज आहे. घराला तसं वाटतंय का, हे मी विचारलं नाही. पहिल्याच महिन्यात मी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. डब्यात काय आहे हे जिजींना डबा नुसता हलवून कळायचं, आणि मला तर पाठच होतं. चिठ्ठ्या कुणासाठी होत्या ते मला आजही सांगता येणार नाही.

तुमच्या आजोबांना एकच बहीण. धुळ्याला दिलेली. तिला मी अक्का म्हणायची, ती मला वहिनी. वयाने आम्ही बरोबरीच्या. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. दिवाळी एखादे वेळी चुकली तर चालते, आखाजी चुकत नाही. अंगणात झोके बांधतात, त्यावर बसून बायका गाणी म्हणतात, घरात आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. जिजी आमच्या परसातल्या निंबाला दरवर्षी स्वतः उभं राहून झोका बांधून घ्यायच्या.

तर यंत्र येण्याच्या चार वर्षं आधीच्या आखाजीला अक्का आली होती. जेवणं झाली, दुपारचा चहा झाला. भांड्यांची बाई तिच्या घरी सणाला गेली होती, म्हणून अक्काने आपण होऊन सगळे कप धुतले आणि पालथे घालून ठेवले. ती बाहेर गेल्यावर मी ते कप उचलले आणि पुन्हा धुवायला घेतले. रागाने नाही, तिला कमी लेखायचं म्हणूनही नाही. मी सगळ्यांचीच भांडी पुन्हा धुवायची, माझ्या आईचीसुद्धा. चौथा कप हातात होता तेव्हा मागे वळले, तर अक्का दारात उभी.

“वहिनी,” ती म्हणाली, “माझ्या हाताला काही लागलंय का?”

आता इथे शहाण्या बाईने काय म्हणायला हवं होतं हे तुम्हालासुद्धा कळेल. मी म्हणाले, तसं नाही, कपाच्या कानाशी चहाचा डाग राहतो, तो सोड्यानेच निघतो. आणि तिला तो डाग दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या एसटीने धुळ्याला गेली. भांडण नाही, शब्द नाही. पण त्यानंतर आखाजीला आली नाही. लेकीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. दरवर्षी तुमचे आजोबा मुराळी होऊन धुळ्याला जायचे आणि एकटे परत यायचे, एकदा मुलाच्या परीक्षेचं कारण घेऊन, एकदा पाहुण्यांचं, एकदा अर्धवट राहिलेल्या पापडांचं. जिजी कारण ऐकून घ्यायच्या, काही म्हणायच्या नाहीत. झोका मात्र दरवर्षी बांधला जायचा आणि दुसऱ्या दिवशी सोडला जायचा. त्यावर शेजारच्या मुली बसून जायच्या. जिजी तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या, आणि त्यांना दुसरं काही नको होतं. पोर आखाजीला घरात हवी होती.

माझ्यामुळे हे झालं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. मी मनात त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं: डाग खरंच होता.

मग ते यंत्र आलं. माझा धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला होता, त्याने एका हिवाळ्यात येताना माझ्यासाठी आणलं. काळं, गुटगुटीत, आपल्या कुकरपेक्षा थोडं उंच. वर पाणी भरायचं तोंड आणि त्याला घट्ट फिरवायचं झाकण, पुढे दांडीच्या चाळणीत कॉफीची पूड भरायची, खाली जग ठेवायचा, आणि उजव्या अंगाला ती वाफेची नळी, दूध फेसाळायची. सोबत पुस्तिका, सहा भाषांत. त्यातली एक इंग्रजी होती आणि घरात इंग्रजी मला सगळ्यांत चांगलं येत होतं, त्यामुळे यंत्र माझं झालं.

मी ती पुस्तिका दोन रविवार बसून वाचली. मग मराठीत नियम काढले, चांगल्या अक्षरात, एकूण सोळा, आणि फडताळाच्या दारावर आतून चिकटवले. नियम पहिला, यंत्र गरम असताना वरचं झाकण उघडू नये. नियम दुसरा, पाणी खुणेच्या वर भरू नये. तुमच्या आजोबांनी सगळे सोळा वाचले आणि विचारलं, यात कॉफी प्यायचा नियम कितवा?

भाषांतर मी अगदी प्रामाणिकपणे केलं होतं. फक्त अकराव्या ठिकाणी थांबले. पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं होतं की फेसाळून उरलेलं दूध पुन्हा वापरू नये, टाकून द्यावं. दूध टाकून द्यावं. हे वाक्य मी माझ्या हाताने आमच्या स्वयंपाकघरात कसं चिकटवणार? म्हशीचं दूध, पहाटे घरी येणारं, वर बोटभर साय धरणारं. मी विचार केला, जर्मनीत सायीचं भांडं नसेल, म्हणून बिचाऱ्यांना टाकावं लागत असेल. आणि लिहिलं: नियम अकरावा, फेसाळून उरलेले दूध व फेस सायीच्या भांड्यात घालावा. आपण मूळ पुस्तिकेत सुधारणा केली याचं मला समाधान वाटलं.

पहिल्या दिवशीचा सोहळा सांगण्यासारखा आहे. तोपर्यंत आमच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळून जायफळ घातलेली, तीही कुणी आजारी असलं तर. यंत्राची पूड मी मुंबईहून मागवली होती. पाणी भरलं, झाकण फिरवलं, बटण दाबलं. पाच मिनिटं काही झालं नाही. मग यंत्र धापा टाकायला लागलं आणि जगात काळ्या थेंबांची धार पडली. ती मी कपांत ओतली. जग एकच होता, म्हणून त्याच जगात दूध घेतलं, नळी बुडवली, वाफेची खुंटी फिरवली. असा आवाज झाला की जिजी देवघरातून उठून आल्या. दूध फुगत फुगत जगाच्या कडेशी आलं आणि मी ते विजयाने कपांवर ओतलं.

जिजींनी कपात वाकून पाहिलं. “हाई दूध शे का साबणना फेस?”

मी सांगितलं, असंच पितात. त्यांनी एक घोट घेतला, वरच्या ओठाला पांढरी मिशी लावून कप खाली ठेवला आणि मला चहा टाकायला सांगितला.

पण मी हटले नाही. रोज दुपारी शाळेतून आले की कॉफी. मी प्यायची, तुमचे आजोबा माझ्या भीतीने प्यायचे. कॉफी दहा मिनिटांत व्हायची आणि त्यानंतरचं धुणं पाऊण तास चालायचं. खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडायचं. नळीतून आधी एकदा नुसती वाफ सोडायची, म्हणजे आत ओढलेलं दूध बाहेर येतं. मग ओल्या फडक्याने गरम असतानाच पुसायची. तरी आमच्या सायीच्या दुधाने टोकाचं भोक बुजायचंच. त्याला मी उपाय काढला होता, रॉकेलच्या स्टोव्हची पिन. पत्र्याच्या पट्टीला बसवलेली ती बारीक तार त्या भोकात अशी बसायची की जणू जर्मनांनी आमचा स्टोव्ह बघूनच भोक पाडलं असावं. चाळणी उपडी करून ठोकायची, रबराची चकती काढून धुवायची, पुसायची, परत बसवायची. आमच्या पाण्याचा क्षार आत धरायचा, त्याला महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाचं पाणी उकळायचं. या सगळ्याला मी कुणालाही हात लावू द्यायची नाही. आणि सगळं झालं की जगाच्या कडेचा आणि तळाचा फेस चमच्याने निपटून, नियम अकराप्रमाणे, फ्रिजमधल्या सायीच्या भांड्यात.

सायीचं भांडं हे जिजींचं राज्य होतं. आठ दिवसांची साय साठली की त्या विरजण लावून घुसळायच्या, लोणी पाण्यात धुऊन गोळा करून ठेवायच्या. त्या वर्षी त्यांनी तूप कढवलं नाही. लोणी साठवत राहिल्या. का, ते चैत्रात कळलं.

एका संध्याकाळी तुमचे आजोबा धुळ्याला कधी जाऊ म्हणून विचारायला आले, तेव्हा जिजी म्हणाल्या, तू नको जाऊ. आणि माझ्याकडे वळल्या.

“यंदा मुराळी तू. तूच जा, तूच लई ये.”

मी म्हणाले, जिजी, मुराळी भाऊ असतो, भावजय कशी जाऊन घेऊन येईल?

“बठ्ठं तुले येस,” त्या म्हणाल्या, “मंग हाई कसं येत नही?”

सगळं तुला येतं, मग हेच कसं येत नाही. त्यात टोमणा किती आणि विनंती किती होती, हे मी धुळ्यापर्यंत एसटीत मोजत बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून तापलेला वारा येत होता आणि मी माफीचं वाक्य पाठ करत होते. वर्गात मुलींना क्षमापत्र लिहायला शिकवायची मी. मायना, मजकूर, समारोप. धुळ्यात देवपुरातल्या अक्काच्या दारात पोहोचेपर्यंत वाक्य तयार होतं.

अक्काने मला पाहिलं आणि माझ्या मागे पाहिलं, भाऊ कुठाय म्हणून. मी सांगितलं, यंदा मुराळी मी. ती हसली नाही, पण आत घेऊन गेली, पाणी दिलं, चहा केला. मी वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून यंत्र बाहेर पडलं. नळी कशी, फेस कसा, क्षार कसा काढायचा. मी अर्धा तास बोलत होते. मला थांबवायला तिथे कुणी नव्हतं. अक्का चहाचा कप हातात घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे धुवायचं काम वाढलं म्हणा की.”

मी हो म्हणाले.

मग तिने आमचे दोन्ही कप उचलले, माझ्यासमोर मोरीत नेऊन धुतले, अगदी सावकाश, आणि माझ्यासमोर पालथे घातले. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.

“येते मी,” ती म्हणाली. “जिजीचं वय झालंय. दोन दिवस येईन. पण वहिनी, तुमच्या घरातल्या एका भांड्याला हात लावायची नाही. पाहुणीसारखी येईन आणि पाहुणीसारखी जाईन.”

हे मी घरी येऊन जसंच्या तसं जिजींना सांगितलं. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग अर्ध्यावर थांबला. पोर येणार होती, पण माहेरी येऊन कपाला हात लावणार नाही. म्हणजे ती घरात आली तरी घरातली नव्हती. जिजींनी झोक्याला नवा दोर आणायला सांगितला आणि तपकिरीची डबी काढून बराच वेळ बसल्या.

आखाजीच्या चार दिवस आधी त्यांनी साठवलेलं सगळं लोणी बाहेर काढलं. दोन-अडीच महिन्यांचं. पोरीच्या पानातल्या मांड्यांवर घालायला घरचं तूप, म्हणून हा सगळा साठा होता. त्यांना गॅसपाशी फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून कढवायचं काम माझ्याकडे आलं. मी ढवळत उभी राहिले. लोणी वितळलं, तडतडलं, बेरी खाली बसू लागली, आणि ज्या क्षणी तुपाचा घमघमाट सुटायला हवा त्या क्षणी जो वास आला तो मी लगेच ओळखला. लग्नाच्या मांडवात जिथे कॉफीचं मोठं यंत्र फसफसत असतं, त्या कोपऱ्याचा वास.

जग एकच होता. आधी त्यात कॉफी, मग न धुता त्यात दूध. धुतला असता तर जगाला लागलेली कॉफी वाया गेली असती ना. वरचा फेस पांढराशुभ्र दिसायचा, तळाला काय असायचं ते मी चमच्याने निपटून, एक थेंब वाया न घालवता, अडीच महिने सायीत घालत आले होते. लोणी घुसळताना जिजींना कळलं नाही, कारण तपकिरीने त्यांचं नाक कधीच निकामी झालं होतं. आणि बाकी कुणी त्या भांड्याच्या जवळ जात नसे, कारण मी जाऊ देत नसे.

तेव्हा लगेच सांगायला हवं होतं. जिजी शेजारच्या खोलीत गहू पाखडत होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. पण ज्या बाईने सोळा नियम लिहिले ती असं कसं सांगेल? मी तुपात विड्याचं पान टाकलं. मग वेलदोडे टाकले. मग दोन लवंगा. गाळून बरणीत भरल्यावर त्याचा रंग चांगला तांबूस दिसत होता. मी झाकण घट्ट लावलं आणि बरणीवर चिठ्ठी लावली: तूप.

आखाजीच्या सकाळी अक्का आली. जिजी दारातच उभ्या होत्या. घागर पुजून झाली, पूर्वजांचा नैवेद्य झाला, आणि जिजी खापरापाशी बसल्या. मांडे पोळपाट-लाटण्यावर होत नाहीत, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठे करायचे आणि उपड्या खापरावर टाकायचे. त्या वयात त्यांनी अकरा मांडे केले, एकही फाटला नाही. अक्का जवळ बसून पाहत होती. मध्येच तिचा हात परातीकडे जायला निघाला आणि तिने तो परत मांडीवर ठेवला. मी पाहिलं. जिजींनीही पाहिलं.

पानं मांडली. रस वाढला, मांडा वाढला. तूप जिजींनी स्वतः वाढलं, बरणी काखेत धरून, अक्काच्या पानात चांगली मोठी धार. “घरनं शे,” त्या म्हणाल्या. “तुन्हाकरता साठाडं.”

अक्काने घास तोंडात घातला. चावला. थांबली. तिने पानाकडे पाहिलं, मग बरणीकडे. तुमचे आजोबा घास घेऊन थबकले होते. ते यंत्राच्या वासात अडीच महिने बसलेले, त्यांना तर डोळे मिटूनही कळलं असतं. जिजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

“काय व्हयनं?” त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, काही नाही, छान झालंय. पण ज्या आईने तिला वाढवलं त्या आईला ते छान कसलं होतं ते कळलं. जिजींनी बोटाने तूप चाखलं, बोट नाकाशी नेलं, पुन्हा चाखलं. त्यांना काही लागत नव्हतं. त्यांनी बरणी खाली ठेवली आणि आपल्या पिठाच्या हातांकडे पाहिलं.

“मना हात गया वाटस,” त्या म्हणाल्या. माझा हात गेला वाटतं.

इतक्या हळू म्हणाल्या की ते आम्हाला उद्देशून नव्हतंच. चार वर्षं त्या बाईने मला एका शब्दाने दोष दिला नव्हता, आणि आता माझी चूक आपल्या हातांवर घेऊन बसली होती. मी माझ्याकडे नेहमी तयार असणारं उत्तर शोधलं. ते सापडलं नाही.

“जिजी, तूप मी बिघडवलं,” मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. एकच जग, न धुतलेला. निपटलेला फेस. पुस्तिकेत टाकून द्या असं लिहिलं होतं ते. कढवताना वास आला होता तेही, आणि पान, वेलदोडे, लवंगा. सांगताना मला एसटीतलं पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. क्षमापत्राला मायना नव्हता आणि समारोपही नव्हता.

अक्का पानावरून उठली. मला वाटलं, गेली. ती स्वयंपाकघरात गेली, फडताळाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि तिचा आवाज आला, मोठ्याने वाचणारा. “नियम अकरावा. फेसाळून उरलेले दूध व फेस सायीच्या भांड्यात घालावा.” मग ती दारात येऊन उभी राहिली, त्याच दारात, आणि तोंडाला पदर लावला होता.

“वहिनी, जर्मनीच्या माणसानं फेकून द्या म्हणून छापलं होतं ना? आणि तुम्ही त्यालापण पुन्हा धुतलंत?”

मी म्हणाले, “दूध फेकायचं कसं, अक्का?”

जिजींनी मान वर केली. “दूध कोनी फेकस का?” त्या मला पाठीशी घालत नव्हत्या, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. अक्का म्हणाली, नाही, दूध तर नाहीच फेकायचं. तुमचे आजोबा म्हणाले, शक्यच नाही. या एका गोष्टीवर आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा चौघांचं एकमत झालं. मग अक्का पानावर बसली आणि तिने तो मांडा संपवला, वर आणखी तूप मागून घेतलं. जिजींना तिने सांगितलं की तुझा हात कुठे गेला नाही, मांडा बघ, कागदासारखा झालाय. जिजींनी हातावरचं पीठ झटकलं. त्यानंतर त्या जेवल्या.

दुपारी अक्का झोक्यावर बसली. तिथूनच म्हणाली, आता ती कॉफी पाजा, तुपात चाखली, कपातली राहिली. मी केली. या वेळी जग मध्ये धुतला. झोक्यावर बसून तिने ती प्यायली, तिच्याही ओठाला मिशी आली, आणि म्हणाली, तुपातली बरी होती.

मी नळी पुसायला घेतली. स्टोव्हची पिन शोधत होते, तेवढ्यात अक्का आत आली. माझ्या हातातलं फडकं घेतलं नाही. ओट्यावरचे कप घेतले, मोरीत बसली आणि धुवायला लागली. मी यंत्राकडे तोंड करून उभी राहिले आणि आधीच स्वच्छ झालेली नळी पुसत राहिले. तिने कप पालथे घातले, हात पुसले आणि बाहेर गेली. परसातून झोक्याचा कर्रकर्र आवाज पुन्हा सुरू झाला.

मग मी कपांकडे पाहिलं. एकाच्या कानाखाली फेसाचा ठिपका राहिला होता. तांदळाच्या कणीएवढा, पांढरा. वाळला की दगडासारखा होणारा.

तो कप मी तसाच फडताळात ठेवला, सोळा नियमांच्या शेजारी.

दोन दिवसांसाठी आलेली अक्का आठ दिवस राहिली. भाकऱ्या केल्या, भांडी घासली, माझ्या डब्यांवरच्या दोन चिठ्ठ्या मुद्दाम अदलाबदल करून ठेवल्या. झोका आठ दिवस निंबाला होता. आणि ते आठही दिवस मी माझा सकाळचा चहा त्याच कपातून घेतला, रोज तो नुसता आतून विसळून, ठिपक्याची बाजू माझ्याकडे करून.

ती धुळ्याच्या एसटीत बसल्यावर घरी आले आणि तो कप धुतला. तेवढं मला माफ करा.